गिटारच्या कॅबिनेटमध्ये वेगवेगळे स्पीकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नवापूर, कुठूनही प्रश्न आला तरी तो या यादीतल्या कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचा भाऊच निघतो. विचारणाऱ्यांत कॉलेजच्या बँडमधली पोरं आहेत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे आहेत, रविवारी चर्चमध्ये गिटार धरणारेही आहेत. प्रश्न शक्यतो ज्याने त्याने विचारले तसेच ठेवलेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एका कॅबिनेटमध्ये दोन वेगळे स्पीकर लावायचे तरी कशाला? एकसारखे काय वाईट?

एकसारखे अजिबात वाईट नाहीत. व्हॉक्स एसी३० अ‍ॅम्पमध्ये दोन सारखे अल्निको ब्लू स्पीकर बसवून लोकांनी आयुष्यं काढली.

पण गिटारचा स्पीकर घरातल्या म्युझिक सिस्टीमसारखा आलं तसं ऐकवत नाही. तो साधारण ७० ते ५००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात बोलतो आणि त्यातही कुठे उसळतो, कुठे दबतो. सेलेशन या स्पीकर कंपनीचा ग्रीनबॅक मधल्या स्वरात मऊ आणि जरा खरखरीत. त्यांचाच व्हिंटेज ३० वरच्या मिडमध्ये पुढे घुसतो, म्हणून ड्रम आणि कीबोर्डच्या गर्दीतही गिटार ऐकू येते. खोलीत एकटा वाजवला की मात्र टोचतो. दोघे शेजारी बसवले तर एकाचा खड्डा दुसरा भरून काढतो. हे काही घरगुती जुगाड नाही. मॅचलेसच्या डीसी-३० अ‍ॅम्पमध्ये दोन वेगवेगळ्या जातीचे सेलेशन असतात, फ्रीडमनच्या ४×१२ मध्ये (म्हणजे बारा इंची चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये) दोन ग्रीनबॅक आणि दोन व्हिंटेज ३० असतात.

माझा नियम असा : ओहम सारखे, डेसिबल जवळपास, स्वभाव वेगळा. बहुतेक लोक स्वभावापासून सुरुवात करतात आणि पहिल्या दोन गोष्टींवर अडकतात.

२. ओहमची भानगड एकदा सरळ सांगा. दोन स्पीकर जोडले की किती होतात?

पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) दोन ८ ओहमचे ४ होतात, दोन १६ चे ८. सिरीजमध्ये (एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला) बेरीज करायची : ८ आणि ८ मिळून १६. चार स्पीकर असतील तर दोन-दोनच्या सिरीज जोड्या करून त्या पॅरललमध्ये जोडतात. मग चार ८ चे पुन्हा ८ च होतात, चार १६ चे १६.

मागचं लेबल फाटलं असेल तर मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवा, जो ०.२-०.३ आकडा येईल तो वजा धरा. मग स्पीकरच्या दोन टोकांवर लावा, वायर सोडवून. ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२-१३ च्या आसपास, ४ चा ३ ते साडेतीन. "मीटर साडेसहा दाखवतो, स्पीकर खराब आहे का?" असं विचारणारे बरेच आहेत. खराब नाही. मीटर कॉइलच्या (स्पीकरच्या आतल्या वेटोळ्याच्या) तारेचा नुसता रोध मोजतो. ८ हा आकडा आवाज चालू असतानाच्या विरोधाचा आहे आणि तोही प्रत्येक स्वराला बदलतो.

३. अ‍ॅम्पच्या मागे ८ ओहम लिहिलंय आणि माझं कॅबिनेट ४ चं (किंवा १६ चं) झालंय. चालेल का भाऊ?

अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा की व्हॉल्व्हचा, त्यावर आहे.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर लिहिलेला आकडा बहुधा किमान असतो. त्याच्या वर गेलात तर नुकसान नाही, फक्त ताकद कमी मिळते. ८ ओहमच्या अ‍ॅम्पवर १६ लावले तर अंदाजे अर्धे वॅट, म्हणजे कानाला फक्त ३ डेसिबल कमी. त्याच्या खाली मात्र जाऊ नका. मे महिन्यात भुसावळच्या मांडवात ८ च्या अ‍ॅम्पला ४ ओहम लावाल तर हीटसिंकला हात लावून बघा, किंवा नकोच.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला ठरलेलाच भार हवा. सिलेक्टर (ओहम निवडायचा स्विच) असेल तर जुळवून घ्या. एक पायरी इकडेतिकडे (८ च्या जागी ४ किंवा १६) बरेच अ‍ॅम्प मध्यम आवाजात सहन करतात, पण बनवणाऱ्याने नाही म्हटलं असेल तर नाहीच. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालू करून वाजवणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळण्याची तयारी. ट्रान्झिस्टरला हे चालतं, व्हॉल्व्हला नाही.

४. घरात एक ८ ओहमचा आणि एक १६ ओहमचा स्पीकर पडून आहे. एकत्र लावू का?

लावता येतात, पण वाटणी सारखी होत नाही. पॅरललमध्ये एकूण ५.३३ ओहम येतात आणि ८ वाला दोन तृतीयांश ताकद खातो. अ‍ॅम्पने ३० वॅट सोडले तर २० त्याच्याकडे, १० सोळावाल्याकडे. सिरीजमध्ये एकूण २४ येतात आणि उलटं होतं : सोळावाला २० घेतो. दोन्हीकडे फरक ३ डेसिबलचा.

यातही एक अपवाद आहे. ८ वाला मुळातच हळू बोलणारा, समजा ९७ डेसिबलचा, आणि १६ वाला १०० चा असेल, तर पॅरललमध्ये दोघांचा आवाज बरोबरीला येतो. अशी जोडी योगायोगाने हाती लागली तर खुशाल वापरा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर सिलेक्टर ४ वर ठेवा. मुद्दाम विकत घेऊन करण्यासारखं हे काम नाही.

५. एक २५ वॅटचा, एक ६० वॅटचा. म्हणजे ८५ वॅटचं कॅबिनेट झालं ना?

नाही, ५० वॅटचं. ओहम सारखे असतील तर ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते, त्यामुळे लहान स्पीकरचे वॅट गुणिले स्पीकरची संख्या हाच हिशेब. ६० वाल्याची उरलेली ताकद पडून राहते. ओहम वेगळे असतील तर आधी प्रश्न ४ प्रमाणे कोणाकडे किती जातंय ते काढा.

आणखी एक. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर लिहिलेले वॅट स्वच्छ आवाजाचे असतात. फुल डिस्टॉर्शनला तोच ३० वॅटचा अ‍ॅम्प त्याहून बरंच जास्त सोडतो. म्हणून कान फाटेपर्यंत वाजवणाऱ्याने कॅबिनेट अ‍ॅम्पच्या दुप्पट वॅटचं ठेवावं.

६. दोन भारी स्पीकर लावले तरी एकाचाच आवाज येतो. दुसरा मेलाय का?

बहुधा जिवंत आहे, ऐकू येत नाहीये. सगळ्यात जास्त पत्रं याच तक्रारीची, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक स्पीकरच्या कागदपत्रात संवेदनशीलता दिलेली असते : एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती डेसिबल. व्हिंटेज ३० आणि अल्निको ब्लू १००, ग्रीनबॅक ९८, सेव्हंटी ८० पण ९८, जी१२टी-७५ चा आकडा ९७. आकडे शेजारी शेजारी दिसतात म्हणून लोक फरक सोडून देतात. पण ३ डेसिबलचा फरक म्हणजे मोठ्या आवाजाच्या स्पीकरला दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प दिल्यासारखं. ताशाशेजारी सनई बसवली तर सनई वाजतच असते, पण वऱ्हाडाला ताशाच ऐकू येतो.

दोन डेसिबलपर्यंतचा फरक चांगला. वर सांगितलेली ग्रीनबॅक आणि व्हिंटेज ३० ही जोडी नेमकी तिथेच बसते : व्हिंटेज ३० पुढे, ग्रीनबॅक मागून भरणा करणारा. तीन म्हणजे कडेला. चारच्या पुढे गेलात तर तुम्ही मिश्रण ऐकत नाही, एक स्पीकर ऐकताय आणि दुसऱ्याने जागा अडवली आहे.

पण आकड्यावर पूर्ण विसंबू नका. तो आकडा सगळ्या पट्ट्याचा मिळून असतो. माणसाचा कान २००० ते ४००० हर्ट्झमध्ये सगळ्यात तिखट, त्यामुळे त्या भागात उसळणारा स्पीकर कागदावर बरोबरीचा असला तरी जास्त मोठा वाटतो.

जागेनेही फरक पडतो. २×१२ उभं ठेवलं तर वरचा स्पीकर तुमच्या कमरेच्या आसपास येतो, खालचा पोटऱ्यांशी बोलतो. तिखट स्पीकर समोरून जितका टोचतो तितका बाजूने टोचत नाही. म्हणून मी हळू आणि मऊ स्पीकर वर ठेवतो, मोठ्या आवाजाचा खाली. काहीही विकत घेण्याआधी कॅबिनेट उलटं करून बघा. फुकटचा प्रयोग आहे.

मोठ्या स्पीकरला रेझिस्टर लावून दाबायचं का, असंही विचारतात. नको. ताकद उष्णतेत जाते, स्पीकरचा स्वभाव सैल होतो आणि रेझिस्टर भाजतो तो वेगळा.

७. दोन्ही स्पीकर वाजतात पण आवाज पोकळ, बास गायब. काय झालं?

एकाच्या वायरी उलट्या आहेत. एकाचा कागद (समोरचा हलणारा कोन) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि जाड स्वर एकमेकांना मारतात.

तपासणीला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. अ‍ॅम्पची वायर काढा, स्पीकरही एकमेकांपासून सोडवा. सेलचा प्लस स्पीकरच्या लाल किंवा प्लस खूण असलेल्या टोकाला, मायनस दुसऱ्याला, अगदी क्षणभर टेकवा. "टक" आवाज येईल. त्या वेळी डोळा कागदाच्या कडेच्या रेषेत ठेवा : कागद बाहेर उडी मारतो की आत ओढला जातो? उजेड कमी असेल तर बोटाचं टोक डस्ट कॅपच्या (मधल्या गोल टोपीच्या) बाजूला हलकं टेकवून ठेवा, बोटाला आधी कळतं. सेल धरून ठेवू नका. कॉइलला थेट करंट आवडत नाही.

दोन्ही बाहेर आले तर खुणा खऱ्या आहेत. एक आत गेला तर त्याची खूण उलटी समजा आणि त्याच्या दोन वायरी अदलाबदल करा. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर मिसळताना ही तपासणी चुकवू नका, कारण जुने जेबीएल मुळातच उलट्या खुणेचे आहेत : लाल टोकाला प्लस दिला की कागद आत जातो. स्थानिक कारागिराने रिवाइंड केलेल्या स्पीकरचंही हेच, प्रश्न १४ पाहा.

८. नेमकी कुठली जोडी घेऊ? सरळ नाव सांगा.

ज्याला एकाच कॅबिनेटमधून रॉकही हवं आणि ऑर्केस्ट्राही, त्याने ग्रीनबॅक आणि व्हिंटेज ३०. एकूण ५० वॅट, प्रश्न ५ प्रमाणे.

जुन्या ब्रिटिश चवीसाठी ग्रीनबॅक आणि जी१२एच. एकाच घराण्यातले, दुसऱ्याचा चुंबक जड, त्यामुळे खालचे स्वर घट्ट. मला स्वतःला ही जोडी सगळ्यांत आवडते, पण ज्याला भरपूर गेन हवा तो म्हणेल "यात दम नाही".

स्वच्छ, खणखणीत आवाजाला अल्निको ब्लूसोबत १०० डेसिबलच्या घरातला सिरॅमिक. ब्लू १५ वॅटचाच, म्हणून कॅबिनेट ३० वॅटवर थांबतं, हे अ‍ॅम्प निवडताना ध्यानात ठेवा. अल्निको आणि सिरॅमिक एकत्र चालतात का, असा वेगळा प्रश्न येतो. चुंबक कशाचा आहे याने जोडणीत काही अडत नाही.

खिसा हलका असेल तर कॅबिनेटमध्ये आधीच असलेल्या सेव्हंटी ८० पैकी एकच काढा आणि तिथे व्हिंटेज ३० लावा. निम्म्या खर्चात बराच बदल होतो आणि काढलेला स्पीकर उद्या कामाला येतो.

ज्याला नुसते स्वच्छ कॉर्ड धरून अहिराणी गाण्यांना साथ करायची आहे, त्याने पैसे वाचवावेत. त्या कामाला दोन सारखे स्पीकर पुरतात, कोणाच्या लक्षातही येणार नाही.

९. दहा इंची आणि बारा इंची एकत्र चालतो का?

चालतो. दहावाला चटकन बोलतो, बारावाला खालून आधार देतो. नियम तेच : ओहम आणि डेसिबल. दहा इंची स्पीकर बरेचदा थोडे हळू आवाजाचे असतात, तेवढं तपासा.

१०. चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये दोन-दोन जातीचे कसे बसवायचे? कोण म्हणतं तिरपे, कोण म्हणतं वर-खाली.

यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत : कोण कुठे बसतो, आणि कोण कोणाला जोडला जातो.

बसवायला तिरपे बरे. एका जातीचा वर डावीकडे आणि खाली उजवीकडे, दुसरा उरलेल्या दोन जागी. कॅबिनेटच्या कुठल्याही बाजूला उभे राहा, दोन्ही जाती ऐकू येतात.

जोडताना मात्र सिरीजच्या जोडीत एकाच जातीचे दोन घ्या आणि मग दोन्ही जोड्या पॅरलल करा. कारण असं : सिरीजमध्ये दोघांतून सारखाच करंट जातो आणि व्होल्टेजची वाटणी त्या त्या स्वराला ज्याचा विरोध जास्त, त्याच्याकडे झुकते. प्रत्येक जातीचा विरोधाचा चढउतार वेगळा. वेगळ्या जातीचे दोन एका सिरीजमध्ये बांधले की ते एकमेकांच्या आवाजात ढवळाढवळ करतात. सारखे दोन बांधले तर निम्मी-निम्मी सरळ वाटणी होते आणि प्रत्येक जात आपल्या स्वभावाने बोलते. दोन स्पीकरच्या कॅबिनेटलाही हेच लागू : मिश्र जोडीला शक्यतो पॅरलल. म्हणजे अ‍ॅम्पला ८ ओहम हवे असतील तर १६-१६ चे घ्या.

आवाज ढवळला म्हणजे वाईटच झाला असं नाही. काहींना सिरीजचा गोंधळच आवडतो. पण आधी सरळ जोडणी ऐका.

११. मागून उघडं कॅबिनेट बरं की बंद?

उघड्यात मागचा आवाज पुढे येऊन जाड स्वर थोडे खातो, पण खोली भरते. बंद कॅबिनेट घट्ट आणि सरळ फेकतं. मिश्रणाच्या दृष्टीने एवढंच : बंद पेटीत दोन्ही स्पीकर एकाच हवेला ढकलतात. एकाचा कागद फार सैल, दुसऱ्याचा फार ताठ असेल तर सैलवाला दुसऱ्याच्या दाबाने हलतो. मध्ये प्लायची फळी टाकली की हा त्रास मिटतो.

१२. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ डिग्री. टेम्पोत कॅबिनेट भाजून निघतं. स्पीकर खराब होतात का?

टेम्पोतल्या उन्हाने कॉइल जळत नाही. वाजवताना ती त्याहून कितीतरी जास्त तापते. पण मिश्र कॅबिनेटमध्ये उष्णतेची एक गंमत आहे आणि ती खान्देशातल्या लग्नात चांगलीच कळते.

तांब्याचा रोध दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के वाढतो. कॉइल १०० डिग्रीने तापली की रोध ३९ टक्के वाढतो, म्हणजे साडेसहाचा नऊ. रोध वाढला की त्याच व्होल्टेजला ताकद कमी शिरते, आवाज दीडएक डेसिबलने खाली येतो. आता २५ वॅटचा आणि ६० वॅटचा शेजारी असतील तर लहान कॉइलचा स्पीकर आधी आणि जास्त तापतो. दुपारी साउंड चेकला जमवलेला तोल तासाभराने ६० वाल्याकडे झुकतो, वाजवणारा म्हणतो "आवाज टोचायला लागला" आणि ट्रेबल कमी करतो. बिघाड नाही. दर गाण्याआड कॅबिनेटला श्वास मिळू द्या, किंवा जवळपासच्या वॅटचे स्पीकर घ्या.

खरा शत्रू धूळ आहे, मग पावसाळा. मागून उघडं कॅबिनेट असेल तर आत पातळ काळं कापड ताणून ठोका. लोखंडी कीस चुंबकाच्या फटीत शिरला की कॉइल घासते. तपासायला दोन्ही हातांची चार-चार बोटं कागदावर समोरासमोर सारख्या अंतरावर ठेवा, कॅबिनेटला कान लावा आणि अलगद आत दाबा. काहीच ऐकू यायला नको. कागद सरकवल्यासारखी कुरकुर आली तर कॉइल घासतेय. आणि कॅबिनेट भुशाच्या फळीचं असेल तर पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नका, ते फुगतं आणि स्क्रू धरत नाहीत. प्लायवूड बरं.

१३. डीजेचा किंवा बँडच्या गाडीवरचा स्पीकर गिटारच्या स्पीकरसोबत लावला तर? बक्कळ वॅटचा आहे.

वॅट बक्कळ आहेत, पण कामं वेगळी. डीजेचा मोठा स्पीकर जाड स्वरासाठी बनलेला : कागद जड, हालचाल लांब. गिटारचा वरचा भाग त्याला बोलताच येत नाही, आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा. पीएचा फुल रेंज स्पीकर उलट : वर खूप दूर जातो, त्यामुळे डिस्टॉर्शन लावलं की माशा घोंगावतात. गिटारचा स्पीकर ५००० हर्ट्झवर थांबतो म्हणूनच डिस्टॉर्शन गोड लागतं.

स्वच्छ गिटार, कीबोर्ड किंवा प्रोसेसर असेल तर पीएचाच स्पीकर घ्या, एकटा. उलट दिशेने मात्र चूक करू नका : बास गिटार गिटारच्या कॅबिनेटमधून मोठ्याने वाजवली तर कागद फाटतो. आणि बँजो पार्टीतला बँजो, म्हणजे पिकअप लावलेला बुलबुल तरंग, वाजवणारे विचारतात : त्याच्या पोलादी तारांचा तिखटपणा गिटारचा स्पीकर छान कापतो. अशा वेळी व्हिंटेज ३० टाळा, ग्रीनबॅकसारखा मऊ घ्या. रस्त्यावर चालताना गर्दीच्या वर आवाज काढायचा असेल तर मात्र भोंगाच लागतो, तिथे मिश्रणाची चर्चा नको.

१४. कॉइल जळाली होती, गावातल्या कारागिराकडून भरून घेतली. आता तो जुना आणि नवा असं मिश्रण झालं का?

झालं, आणि अंदाज न येणारं. कारागीर हाताशी असेल तो कागद, ती स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी लवचिक चकती), ती तार लावतो. कागदाचं वजन बदललं की स्वभाव बदलतो, तारेचे फेर बदलले की ओहम बदलतात. कामाला नावं ठेवत नाही. असे स्पीकर वर्षानुवर्षं वाजतात. पण मागचं लेबल आता खोटं आहे. तो नवाच, अनोळखी स्पीकर समजून मीटर लावा (प्रश्न २), सेल लावा (प्रश्न ७), मग दोघांना एकेक करून त्याच व्हॉल्यूमवर ऐका.

मूळ कारखान्याचाच पण नवा कोरा स्पीकर जुन्याशेजारी लावला तरी सुरुवातीला तो जरा ताठ आणि तिखट वाटतो. वाजवत राहिलं की कडा सैलावतात. पहिल्याच संध्याकाळी विकायला काढू नका.

१५. साउंडवाला एकच माइक लावतो. मग मिश्रणाचा उपयोग काय?

लोकांसाठी काही नाही. माइक ज्या स्पीकरसमोर आहे तोच मैदानाला ऐकू जातो, मिश्रण फक्त स्टेजवर.

साउंडवाला तयार असेल तर दोन माइक मागा, प्रत्येक स्पीकरला एक, कापडापासून अगदी सारख्या अंतरावर. आवाज ३४ सेंटीमीटर जायला एक मिलिसेकंद घेतो. एक माइक तळहातभर मागे राहिला तरी काही स्वर एकमेकांना कापतात. लग्नाच्या गडबडीत दुसरा चॅनल मिळत नाहीच. मग आधीच ठरवा की दोनपैकी कुठला स्पीकर लोकांना ऐकवायचा आणि त्यावर बाहेरून खडूची छोटी खूण करा. जाळीच्या कापडामागे कोण कुठे आहे हे साउंडवाल्याला दिसत नसतं.

१६. विकत घेण्याआधी ऐकायचं कसं? इथे दुकानात असे स्पीकर मिळतच नाहीत.

मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. प्रोसेसर किंवा लॅपटॉपवर कॅबिनेटचे आयआर (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचा डिजिटल ठसा) चालवता येतात. एका ट्रॅकवर एका जातीचा, दुसऱ्यावर दुसऱ्या जातीचा टाका, दोन्ही मध्यभागी ठेवा आणि हेडफोनवर ऐका. आवाजाचं प्रमाण प्रश्न ६ मधल्या डेसिबलच्या फरकाइतकं ठेवा, नाहीतर फसाल. खोलीतला अनुभव यात येत नाही, पण ही जोडी आपल्याला नकोच, एवढं नक्की कळतं. खऱ्या कॅबिनेटला प्रोसेसर जोडताना आतलं कॅबिनेट बंद करायला विसरू नका. नाहीतर स्पीकरवर स्पीकर चढतो आणि आवाज मातीत जातो.

१७. कॅबिनेटला मागे स्टिरिओ आणि मोनो अशी दोन भोकं आहेत. दोन अ‍ॅम्प लावून एकेक स्पीकर चालवू का?

चालवा, पण स्टिरिओच्याच जागी. मोनोच्या जागी दोन अ‍ॅम्प एकमेकांत शिरतात आणि एक तरी जातो. प्रत्येक बाजूचे ओहम वेगळे मोजा. मार्शलच्या बऱ्याच ४×१२ वर मोनोत १६ किंवा ४ आणि स्टिरिओत प्रत्येक बाजूला ८ असतात, तसा फरक तुमच्याकडेही असेल. दोन अ‍ॅम्पपैकी एकजण आवाज उलटा करून देणारा निघू शकतो. पोकळ वाटलं तर प्रश्न ७, फक्त या वेळी वायर एका बाजूच्या सगळ्या स्पीकरची उलटवायची. आणि कुठलाही अ‍ॅम्प ब्रिज आउटपुटचा (ज्याचा मायनसही ग्राउंडला नसतो असा) असेल, तर कॅबिनेटमध्ये दोन्ही बाजूंचे मायनस एकत्र बांधलेले नाहीत ना, ते मागची फळी काढून डोळ्यांनी बघा.

१८. कार्यक्रम चालू असताना एक स्पीकर बंद पडला तर काय करायचं?

पॅरललमध्ये ८-८ चे दोन असतील तर दुसरा वाजत राहतो. अ‍ॅम्पला आता ४ ऐवजी ८ ओहम दिसतात आणि अ‍ॅम्प जेवढी ताकद सोडेल ती सगळी एकट्यावर येते. ट्रान्झिस्टर असेल तर व्हॉल्यूम निम्म्यावर आणा आणि गाणं पूर्ण करा. व्हॉल्व्ह असेल तर स्टँडबाय (अ‍ॅम्प चालू ठेवून आवाज थांबवणारा स्विच), सिलेक्टर ८ वर, मग पुढे. उरलेला २५ वॅटचा आणि अ‍ॅम्प ५० चा असेल तर मात्र नको, तोही जाईल. लाइन आउट असेल तर सरळ मिक्सरला द्या. लाइन आउट घेतला तरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला स्पीकरचा भार लागतोच, म्हणून वायर काढू नका, मास्टर व्हॉल्यूम जमेल तेवढा खाली आणा.

सिरीजमध्ये एक गेला की दोन्ही गप्प होतात आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बिनभाराचा राहतो. ताबडतोब स्टँडबाय, गाणारा काय खुणा करतोय ते नंतर बघा. चार स्पीकरच्या सिरीज-पॅरललमध्ये एक जोडी गप्प होते, दुसरी वाजते, ओहम दुप्पट होतात. प्रश्न १० प्रमाणे एका जोडीत एकच जात बांधली असेल, तर आवाजाचा स्वभाव एकदम बदलतो आणि कुठली जोडी गेली हे मागची फळी न उघडताच कळतं. फळी उघडल्यावर आधी टोकाची वायर हलवून बघा. टेम्पोच्या हादऱ्याने क्लिप सुटलेली असते आणि जळालेला समजून काढलेला स्पीकर बरेचदा ठणठणीत निघतो.